कोणाच्या देखरेखीखाली

सोमवार, ३ फेब्रुवारी

साडेसातला मुलं यायला लागली. एकोणीस हजर. दूध एक लिटर. परवाना कार्यालयाचं पत्र आलं. दुपारी ऊन, संध्याकाळी वारा. ही गेली त्याला आज सतरा दिवस झाले.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, बोलत नाही तर निदान लिहा तरी." एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या टाकीवर दर तासाला पातळी लिहिली, तेव्हा लिहिण्याचं काही वाटत नाही. तिथे नियम होता, न बघितलेला आकडा लिहायचा नाही आणि बघितलेला गाळायचा नाही. इथेही तोच ठेवतो.

पत्र असं: पाळणाघराची जबाबदार व्यक्ती मृत झाल्यास पंचेचाळीस दिवसांत दुसरी व्यक्ती नेमावी. तिची चारित्र्य पडताळणी पूर्ण झालेली असावी. नसल्यास परवाना स्थगित होईल. पंचेचाळीसावा दिवस ३ मार्च.

बालशिक्षिकेला, म्हणजे ताईला, विचारलं, तू होतेस का जबाबदार व्यक्ती? ती म्हणाली, "काका, त्याला मालक किंवा दहा वर्षांचा अनुभव लागतो. माझी सहा झालीत." मुलांचं बघणाऱ्या मावशींना इथे बावीस वर्षं झाली, पण त्यांना सही करण्यापलीकडे लिहिता येत नाही. राहिलो मी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज एक गोष्ट लक्षात आली. आमचं घर वर, पाळणाघर खाली, आणि जिना उतरतो तो थेट मुलांच्या खोलीत. बाहेर जायचा दुसरा रस्ता नाही. नियमाप्रमाणे पडताळणी न झालेली व्यक्ती मुलांच्या खोलीत असेल तर पडताळणी झालेल्या कुणाची तरी नजर तिच्यावर हवी. तेवीस वर्षं मी त्या खोलीतून जा-ये करतो आहे. हिने कसं चालवून घेतलं, असं ताईला विचारलं. ती म्हणाली, "आजींची नजर असायचीच की तुमच्यावर."

आजपासून पद्धत ठरवली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबायचं, घंटा वाजवायची, मावशींनी येऊन मला दारापर्यंत सोडायचं. येताना तसंच. पाहुण्यांच्या नोंदवहीत नोंद करायची: वेळ, कारण, कोणाच्या देखरेखीखाली.

सकाळी घंटा वाजवली. ती खाऊची घंटा होती, हे मला माहीत नव्हतं. खाली उतरलो तर एकोणीस मुलं हात धुऊन रांगेत बसलेली.

मावशी म्हणाल्या, "आता द्या काहीतरी. बोलावलंत ना?"

बिस्किटं द्यावी लागली. उद्यापासून कठड्यावर तीन टकटक.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नोंद: ९.१० ते ९.११. कारण, दूध आणणे. मावशी.

दारात मावशी म्हणतात, "भाऊ, दूध आणायला माणूस जातो, आरोपी नेल्यासारखं काय?" मी म्हटलं, नियम आहे. त्या म्हणाल्या, "मग हातकडी पण आणा, शोभेल."

दुपारी कार्यालयाच्या खोलीतलं कपाट उघडलं. प्रत्येक नोकराची एक निळी फाइल. पडताळणीचा दाखला, ठशांची पावती, शिफारसपत्रं, मुदत संपण्याची तारीख वर लाल शाईत. चौघींचं सगळं नीट. हिची फाइल सगळ्यात जाड. तिच्यामागे आणखी एक निळी फाइल होती. तिच्यावर माझं नाव.

आत अर्ज भरलेला होता, हिच्या अक्षरात. जुने तीन पत्ते, नोकरीच्या तारखा, सगळं बरोबर. दोन शिफारसपत्रं, एक कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं आणि एक टाकीवरच्या माझ्या साहेबांचं. माझे दोन फोटो. ते पाहून आठवलं. ही एकदा मला फोटोवाल्याकडे घेऊन गेली होती. बसच्या पाससाठी, म्हणाली होती. पास काही आला नाही. मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

फक्त माझी सही आणि बोटांचे ठसे राहिलेत. अर्जावर तारीख ९ ऑगस्ट, गेल्याच्या गेल्या वर्षाची. 'पडताळणीचे कारण' या रकान्यात लिहिलं आहे: जबाबदार व्यक्तीच्या गैरहजेरीत पर्यायी व्यक्ती.

कुठे जायचा विचार असावा. मला बोलली नव्हती. आजाराचं कळलं ते त्यानंतर दहा महिन्यांनी, जूनमध्ये, म्हणजे त्याचा इथे संबंध नाही. कदाचित तारीख चुकली असेल. हिच्याकडून तारखा चुकत नसत, पण एखादी चुकते.

सही केली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पोलीस कार्यालयात ठसे द्यायला गेलो. काचेवर बोट ठेवायचं, पडद्यावर रेघा दिसतात. माझ्या दिसल्या नाहीत. हवालदाराने बोट पुसलं, ओलं केलं, पुन्हा पुसलं.

"काका, काय काम करायचात?"

"पाणीपुरवठा. टाकीवर."

"ब्लीचिंग पावडर हाताने?"

"सुरुवातीची पंधरा वर्षं."

"मग गेल्या रेघा." तो शेजारच्याला म्हणाला, "ये बघ, बोटंच कोरी." शेजारच्याने येऊन पाहिलं आणि मान हलवली. म्हणाला, "चोरी करायला उत्तम. उशीर झाला."

तरी पाठवतो म्हणाला. दहाही बोटं घेतली.

येताना दारावरची घंटी वाजवली. मावशी दुसऱ्या कुणाचं तरी नाक पुसत होत्या. सात मिनिटं पायरीवर बसलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ठसे परत आले. 'अस्पष्ट.' पुन्हा देऊन आलो. एकोणीस हजर.

सोमवार, १७ फेब्रुवारी

एक महिना झाला. विशेष काही नाही. वाटाणे सोलले. मुलीचा फोन आला तेव्हा ती बोलली आणि मी ऐकलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

ताई परवाना कार्यालयाच्या प्रशिक्षणाला गेली होती. विषय, 'देखरेखीतील त्रुटी'. एक मदतनीस तापाने घरी. दुसरी मदतनीस मोठ्या बारा मुलांना घेऊन मागच्या अंगणात. आत लहान सहा झोपलेली, त्यांच्याजवळ मावशी.

१.४० ला मी तीन टकटक केल्या. पोस्टात जायचं होतं. मावशी आल्या. आम्ही खोलीच्या मध्यापर्यंत पोचलो तेव्हा एका मुलाला उलटी झाली. मावशींनी त्याला उचललं आणि मोरीकडे पळाल्या. जाताना म्हणाल्या, "थांबा तिथंच."

मी थांबलो. पाच मुलं झोपलेली आणि मी. वेळ १.४२.

नियम चौदा असा की मुलांना क्षणभरही मोठ्या माणसाशिवाय ठेवायचं नाही. नियम बावीस असा की पडताळणी न झालेल्या माणसाला मुलांसोबत एकटं ठेवायचं नाही. मी बाहेर गेलो तर चौदा मोडतो, थांबलो तर बावीस. अंगणातल्या मदतनीसला बोलावलं तर तिच्या बारा मुलांबाबत चौदा मोडतो. मावशींना हाक मारली, त्यांनी ओरडून सांगितलं की पोरगं अजून ओकतंय. शेवटी मी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून उभा राहिलो. हे आता लिहिताना त्याचा काही उपयोग होता असं वाटत नाही.

१.४६ ला एक मुलगी उठून बसली. तिला सगळ्या मुंगी म्हणतात, कारण ती नेहमी भिंतीला हात लावून कडेकडेने चालते. वय साडेतीन. माझ्याकडे पाहून म्हणाली, "वरचे आजोबा."

मी म्हटलं, झोप.

ती म्हणाली, "आजी थोपटते."

मग म्हणाली, "आजी कुठाय?" खालचा ओठ पुढे आला. बाकीचे चार उठले असते.

मी आत गेलो, खाली बसलो आणि थोपटलं. किती जोराने ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "हळू." हळू थोपटलं. तिने माझं एक बोट धरलं. १.५० ला झोपली. बोट तिच्या हातात होतं म्हणून उठलो नाही. १.५३ ला मावशी आल्या.

नोंदवहीत लिहिलं: १.४२ ते १.५३. पडताळणी न झालेली व्यक्ती पाच मुलांसोबत एकटी. एका मुलीच्या पाठीवर हात ठेवला, चार मिनिटं. मुलगी झोपली. कोणाच्या देखरेखीखाली: कोणाच्याही नाही.

पोस्टात गेलो नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ताईने सकाळी नोंदवही उघडली आणि खुर्चीत बसली. छोट्या खुर्चीत, मुलांच्या.

"काका, हे काय लिहिलंत?"

"झालं ते."

"निरीक्षकबाई कधीही येतील. हे वाचलं तर परवाना गेलाच समजा. चौघी जणी घरी बसू. पान फाडा."

"पानांना क्रमांक आहेत."

मावशी म्हणाल्या, "मग मी सांगते मी तिथंच होते. माझी सही घ्या."

"तुम्ही मोरीत होता."

"मोरीतून आवाज येत होता की तुमचा."

"आवाज म्हणजे नजर नाही."

ताई उठून गेली. कपाटाचं दार जरा जोरात लावलं. मावशी तिथेच उभ्या राहिल्या. मी त्यांना विचारलं, ही असती तर हिने काय केलं असतं?

"बाई असत्या तर ही वेळच आली नसती. तुमचं केव्हाच करून घेणार होत्या. दीड वर्ष फाइल तयार ठेवलेली. मी म्हणायचे, बाई, सांगून टाका एकदा त्यांना. तर म्हणायच्या, लेकीचं बाळंतपण होऊ दे. ते झालं. मग म्हणाल्या, थंडी जाऊ दे."

"काय सांगायचं होतं?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग चादरींच्या घड्या घालायला गेल्या. घड्या सकाळीच घातलेल्या होत्या. त्यांनी त्या मोडून पुन्हा घातल्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ठसे दुसऱ्यांदा परत. 'अस्पष्ट.' दहा दिवस उरले.

आईवडील मुलांना न्यायला आले तेव्हा मी वर होतो. खालून आवाज येत होते. काल मावशी जे बोलल्या ते आज दिवसभर मनात होतं. त्या अर्जाच्या वर्षी जुलैअखेर ही दोनदा एकटीच दवाखान्यात गेली होती. डोळे दाखवायला, म्हणाली होती. चष्मा बदलला नव्हता.

सोमवार, २४ फेब्रुवारी

निरीक्षकबाई आल्या, दहा वाजता, न कळवता. वय पस्तीसच्या आसपास, पायात आवाज न होणारे बूट. हजेरी पाहिली, मुलं मोजली, फायली तपासल्या. मग पाहुण्यांची नोंदवही उघडली. मी जिन्यावर उभा होतो. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्या बराच वेळ वाचत होत्या. पानं उलटून मागे गेल्या, पुढे आल्या.

"'दूध आणणे, एक मिनिट, मावशी.' हे काय आहे?"

"मला दारापर्यंत सोडतात."

"रोज?"

"दिवसातून चारदा. पडताळणी नाही माझी."

"आणि हे एकोणीस तारखेचं तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"कुणी तक्रार करणार होतं?"

"नाही."

"मग का लिहिलं?"

"घडलं होतं."

त्यांनी आपला फॉर्म काढला. म्हणाल्या, "उल्लंघन कसं उघडकीस आलं, याला इथे तीन पर्याय आहेत. तक्रार, तपासणी, इतर. नऊ वर्षांत 'इतर'वर पहिल्यांदा खूण करतेय." खूण केली. चेहरा तसाच होता.

मावशी मध्ये म्हणाल्या, "बाई, सगळी चूक माझी, मीच गेले सोडून."

"मावशी, मूल ओकत असताना तुम्ही काय उभं राहायचं होतं का?" त्या म्हणाल्या आणि मावशींचंही काहीतरी लिहून घेतलं.

मग निकाल सांगितला. लेखी ताकीद. नोंदीची प्रत प्रवेशाच्या फलकावर तीस दिवस लावायची, प्रत्येक पालकाची वाचल्याची सही घ्यायची. आणि ३ मार्चपर्यंत पडताळणी झाली नाही तर मुदतवाढ मिळणार नाही.

मी कोऱ्या बोटांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठसे दोनदा परत आले की नाव, पत्ते आणि नोकरीवरून पडताळणी होते. दोन शिफारशी लागतात, पण आठवड्यात कुठून आणणार?"

मी निळी फाइल दिली. त्यांनी पत्रं वाचली, तारीख पाहिली. "ही तर दीड वर्षापूर्वीची आहेत. कुणी जमवली?"

"माझ्या बायकोने."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. हिची फाइल वरच होती. मग म्हणाल्या, "माणसं तीच असतील तर मी पुन्हा विचारून शेरा देऊ शकते."

माझ्या साहेबांना तिथूनच फोन लावला, बाहेर जाऊन बोलल्या. औषधवाल्याकडे स्वतः चालत गेल्या. वीस मिनिटांनी परतल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते गोपनीय असतं." जाताना दारात थांबल्या. "पूर्वीच्या जबाबदार व्यक्तीची फाइल अजून उघडी आहे. ती बंद करा. शेवटचं पान भरायचं राहिलंय."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

फलकावर प्रत लावली. चार टाचण्या. ताईने बाजूला सह्यांचा कागद लावला आणि दोरीला पेन बांधलं.

मी जिन्यावर बसलो. पालक वाचत होते. एकाने दोनदा वाचलं आणि सही केली. एक बाई म्हणाल्या, "या वयाच्या पुरुषाला मुळात खाली येऊच का देता?" ताईने जे उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. त्यांनी आपल्या दोघांना घेतलं, डबे, चादरी, बदलायचे कपडे सगळं घेतलं. उद्यापासून सतरा.

शेवटी मुंगीची आई आली. ती रुग्णालयात परिचारिका आहे, नेहमी घाईत असते. तिने उभ्याउभ्या वाचलं. मग वर बघून मला म्हणाली, "कुठली मुलगी?"

नियमाप्रमाणे दुसऱ्याच्या मुलाबद्दल सांगायचं नाही. स्वतःच्या सांगायला हरकत नव्हती. "तुमची."

मावशी पुढे झाल्या, तिने हातानेच थांबवलं.

"थोपटलंत?"

"हो. आधी जोरात होतं. तिने सांगितलं, हळू."

"चार मिनिटांत झोपली?"

"एक बेचाळीसला मी एकटा पडलो. ती शेहेचाळीसला उठली, पन्नासला झोपली."

"घरी तास लागतो." तिने पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. "मला विचार करू द्या," म्हणाली आणि मुंगीला उचलून गेली. पेन दोरीवर हलत राहिलं.

ताई म्हणाली, "काका, अजून तीन गेली तर आमच्यापैकी एकीला कमी करावं लागेल." मी म्हटलं, माहीत आहे. मावशींनी मला वर सोडलं. वर सोडायची गरज नव्हती, खोलीत मुलं नव्हती. तरी सोडलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सोळा हजर. मुंगी नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सोळा. तिची चादर खणातच आहे. नेली नाही, एवढं आहे.

सोमवार, ३ मार्च

अकरा वाजता पोलीस कार्यालयातून माणूस आला. दाखल्यावर माझा फोटो आहे, बसच्या पासचा. खाली छापलं आहे: 'सदर व्यक्तीविरुद्ध कोणतीही प्रतिकूल नोंद आढळली नाही.' त्रेसष्ट वर्षांचं एका ओळीत आलं.

ताईने तो हातात घेऊन दोनदा वाचला, मग तोंडावर पाणी मारून आली. मावशी म्हणाल्या, "सुटले बाई. आता उतरा कधी पण, मी काही सोडायला येणार नाही."

सकाळी उशिरा मुंगी आली होती. तिच्या आईने आधी फलकासमोर उभं राहून सही केली. मग मला म्हणाली, "तीन दिवस रात्रपाळी होती, हिच्या आत्याकडे ठेवलं होतं. झोपत नाही. सारखं म्हणते, वरचे आजोबा हळू करतात." मग तिने विचारलं, "कागद झाला का तुमचा?"

तेव्हा झाला नव्हता. तसं सांगितलं.

"झाला की कळवा," म्हणाली.

दुपारी कळवलं. तिने फोनवर 'बरं' म्हटलं.

दीड वाजता मी खाली उतरलो. नोंदवहीत नोंद केली नाही, आता लागत नाही. मुंगी चादरीवर डोळे उघडे ठेवून पडली होती. ताई खोलीत होती, तिने मान वळवली आणि खडू लावायला घेतले. मी बसलो. मुंगी म्हणाली, "आजी नाही येणार. मावशी म्हणाली."

"नाही येणार," मी म्हटलं.

हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोललो. तिने बोट धरलं. सहा मिनिटं लागली.

रविवार, ९ मार्च

सुट्टी. सकाळी कपडे धुतले. मुलीशी बोललो. बारा मिनिटं, त्यातली पाचएक मी. तिला विचारलं, तुला कधी सांगितलं होतं आईने? ती म्हणाली, "तुमच्याआधी नाही, बाबा. मावशींशिवाय कुणालाच नाही." मी म्हटलं, बरं झालं, निदान एक जण होतं.

मग हिची फाइल घेऊन बसलो. शेवटचं पान: 'कर्मचाऱ्याने काम सोडल्याची नोंद.' रुजू झाल्याची तारीख लिहिली. काम केल्याचा काळ, तेवीस वर्षं चार महिने. काम सोडण्याचं कारण: राजीनामा, बडतर्फी, बदली, इतर. इतर.

'मुलांशी वागणूक' यात दोन ओळींची जागा आहे. 'हळू' एवढंच लिहिलं.

'काम सोडण्यापूर्वी सूचना दिली होती का?' होय आणि नाही, दोन चौकटी. तिथे पेन बराच वेळ थांबलं. ९ ऑगस्टचा दिवस आठवून पाहिला; फोटोंच्या मागेही तीच तारीख होती. फोटोवाल्याने मला हनुवटी वर करायला सांगितली होती, आणि ही त्याच्यामागे उभी राहून हनुवटीला बोट लावून दाखवत होती. मी तिच्याकडेच बघत होतो. फोटोत तसंच आलं आहे.

'होय'वर खूण केली. 'असल्यास तारीख': ९ ऑगस्ट. 'सूचना कोणाला दिली': माझं नाव लिहिलं. खाली जबाबदार व्यक्ती म्हणून सही केली.

फाइल जुन्यांच्या खणात ठेवली. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला.

दूध संपलं होतं. पिशवी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर आलो आणि कठड्यावर तीन टकटक केल्या. खाली कुणी नव्हतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. थोडा वेळ थांबलो. मग खाली उतरलो, भिंतीला हात लावून कडेकडेने दारापर्यंत गेलो, आणि दूध घेऊन आलो.